मिठापासून पाच महिने

डेट्रॉईट शहराच्या पोटात, रस्त्यापासून सुमारे १,२०० फूट खाली, मिठाची खाण आहे. ती १९१० साली सुरू झाली. खाली जायचा मार्ग म्हणजे एक खोल, अरुंद विहीरच. त्यामुळे तळाशी ट्रक हवा असेल तर तो वर सुटा करायचा, एकेक भाग खाली सोडायचा आणि तिथे पुन्हा जोडायचा. असा जोडलेला ट्रक सहसा परत वर येत नाही. त्याचं उरलेलं सगळं आयुष्य मिठात जातं.

वरच्या गाड्यांचं आयुष्य मात्र याच मिठामुळे सरतं. सुरुवातीला या खाणीतलं मीठ चामडं कमावणाऱ्यांकडे आणि खाद्यपदार्थांच्या धंद्यात जायचं. आज ते मुख्यतः रस्त्यावर पडतं. ज्या शहराने मोटारगाडी मध्यमवर्गाच्या दारात आणून उभी केली, त्याच्याच खाली तिला खाऊन टाकणारा पदार्थ कोट्यवधी वर्षं पडून असावा, हा योगायोग एखाद्या कादंबरीकाराने रचला असता तर संपादकाने तो अतिरंजित म्हणून कापला असता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत लाकडी पॉट फिरवून आइस्क्रीम केलेल्या पिढीला या मिठाचं शास्त्र वेगळं सांगायला नको. बर्फावर खडेमीठ टाकलं की बर्फ शून्याखालीही वितळत राहतो. पॉटच्या भोवती जे घडतं तेच मिशिगनच्या हमरस्त्यावर घडतं, फक्त तिथे मीठ ट्रकने पडतं. अमेरिकेत दरवर्षी सुमारे दोन कोटी टन मीठ रस्त्यांवर टाकलं जातं. साधं मीठ उणे नऊ-दहा अंशांपर्यंत बरं काम करतं. पारा त्याखाली गेला की कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइडची मदत घ्यावी लागते. काही गावं तर खारवणीत बीटाच्या साखरेची मळी मिसळतात, म्हणजे ती रस्त्याला चिकटून राहते. मळीचा हा उपयोग कोल्हापूर-सांगलीकडे अजून कुणाच्या डोक्यात आलेला नसावा. तिथे तशी गरजही नाही म्हणा.

हे खारट चिखलपाणी चाकांनी उडतं आणि गाडीच्या बुडाला बसतं. मीठ स्वतः लोखंड खात नाही. ते पाण्यातून वीज वाहणं सोपं करतं, आणि गंज ही शेवटी विजेच्या सूक्ष्म प्रवाहांचीच करामत असते. शिवाय मीठ हवेतलं बाष्प ओढून घेतं, म्हणून पत्रा सुकतच नाही. यातली गंमत अशी की बाहेर उणे दहात गोठून उभ्या असलेल्या गाडीचा गंज मंदावतो आणि मिठाने माखलेली तीच गाडी उबदार गॅरेजमध्ये घेतली की तो जोर धरतो. मालकाला वाटतं, आपण गाडीवर माया करतोय.

नव्या गाड्या हे बऱ्यापैकी सोसतात. पोर्शेने १९७०च्या दशकाच्या मध्यावर ९११च्या सांगाड्यासाठी जस्ताचा थर दिलेला पत्रा वापरायला सुरुवात केली, पुढच्या दहा वर्षांत ऑडीसारख्या कंपन्याही त्या वाटेने गेल्या आणि आज ते सर्रास झालं आहे. पण त्याआधीच्या गाड्या म्हणजे उघडा पत्रा, वर रंग आणि बाकी नशीब. म्हणूनच जुन्या गाडीच्या जाहिरातीत ‘कॅलिफोर्नियाची गाडी’ असा उल्लेख असला की भाव चढतो. मॉडेल तेच, वर्ष तेच, पण ही कोरड्या हवेत वाढलेली.

या गाड्यांचा सण असतो ऑगस्टमध्ये. डेट्रॉईटमधून वायव्येला निघणाऱ्या वुडवर्ड अॅव्हेन्यूवर १९९५पासून दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी जुन्या गाड्यांची जत्रा भरते. हा रस्ताही साधा नाही: १९०९ साली त्याचा एक मैल काँक्रीटचा झाला तेव्हा ते देशभर अप्रूप होतं. जत्रेत हजारो गाड्या रांगत जातात आणि दुतर्फा लोक घडीच्या खुर्च्या टाकून बसतात, आपल्याकडे विसर्जनाची मिरवणूक बघायला बसतात तसे. आणि मग दोन-अडीच महिन्यांत, बरोबर दिवाळीच्या सुमारास, या गाड्या एकेक करत दिसेनाशा होतात.

डेट्रॉईटच्या नोवी, ट्रॉय, कँटन या उपनगरांत मोटार उद्योगातले मराठी अभियंते बरेच आहेत. दिवसा ते विजेवरच्या गाड्यांच्या बॅटऱ्या थंडीत कशा टिकतील याचा हिशोब करतात. त्यांतल्या काहींच्या घरी मात्र गॅरेजच्या दुसऱ्या बाजूला एखादी पन्नास-साठ वर्षांची म्हातारी उभी असते. नोवीतल्या अशाच एका घरी १९६६ची फोर्ड मस्टँग आहे. फराळाचा घाट आणि हिवाळ्यापुरती गाडी निजवायचा घाट तिथे एकाच शनिवार-रविवारी येतो. स्वयंपाकघरात चकलीची भाजणी, गॅरेजमध्ये ऑइलचा वास. घरातल्या बाईंचं म्हणणं असं की दोन्हींत एकच नियम: घाई केली की पुढे महिनाभर पस्तावा.

काम सुरू होतं धुण्यापासून, आणि धुणं वरून नाही, खालून. चाकांच्या कमानी, सायलेन्सरच्या वरची बाजू, दारांच्या तळाशी असलेली पाणी निचऱ्याची बारीक भोकं. ही भोकं चिखलाने बुजली की दार आतून कुजतं आणि रंगाला फोड येईपर्यंत कळतही नाही. पहिल्या पिढीच्या मस्टँगचं दुखणं आणखी वेगळ्या जागी आहे. समोरच्या काचेच्या खाली, वायपरच्या पुढे, हवा आत घेणारी जाळी असते. तिच्याखालचा पन्हाळासारखा पत्रा कारखान्यातच नीट रंगवला गेला नव्हता. मिशिगनमध्ये ऑक्टोबर म्हणजे मेपलची पानगळ. पानं जाळीतून आत जातात, तिथेच भिजून कुजतात, त्यांच्याखाली पत्रा सडतो आणि एके दिवशी पावसाचं पाणी थेट ड्रायव्हरच्या पायावर पडतं. नोवीतला हा गृहस्थ व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीला बारीक रबरी नळी जोडून त्या जाळीतून एकेक पान उपसतो. दीड तास जातो. मागच्या वर्षी त्यातून पानांबरोबर एक अक्रोडही निघाला. तो कुणी ठेवला असेल याचा विचार करून त्याला त्या रात्री नीट झोप लागली नाही.

कारण थंडीत गाडीचा खरा शत्रू मीठ नाही, उंदीर आहे.

हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला पटवून द्यायची गरज नाही. २०२०च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि कित्येक गाड्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये महिनोन्‌महिने जागच्या हलल्या नाहीत. नंतर लोक किल्ली घेऊन खाली आले तेव्हा कुणाची बॅटरी उतरलेली, कुणाच्या टायरची हवा गेलेली आणि कुणाच्या बॉनेटखाली वायरिंगचा चिवडा झालेला. आपण तेव्हा नाइलाजाने जे शिकलो ते मिशिगनचे लोक दरसाल ठरवून करतात. तिकडचा उंदीर आकाराने लहान, पांढऱ्या पोटाचा, आणि जेमतेम करंगळी जाईल अशा फटीतून आत शिरणारा. त्याला एअर फिल्टरचा डबा म्हणजे तयार फ्लॅट वाटतो: कोरडा, अंधारा, वर कापसासारखं अंथरूण. म्हणून सायलेन्सरच्या तोंडात आणि हवा ओढणाऱ्या नळीत भांडी घासायच्या तारेसारखं स्टील वूल कोंबतात. ते उंदराला कुरतडवत नाही. डांबराच्या गोळ्या, पेपरमिंटचं तेल, सुवासिक साबणाच्या वड्या यांच्यावर ज्याची त्याची श्रद्धा असते. डांबराच्या गोळ्यांनी उंदीर जातो की नाही हे सांगता येत नाही, पण वास मात्र जूनपर्यंत जात नाही. होंडा कंपनी तर वायरींना गुंडाळायला मिरचीच्या तिखटाचं द्रव्य लावलेली टेप विकते. गॅरेजमधून पक्ष्यांचे दाणे आणि कुत्र्याच्या खाण्याची पिशवी उचलणं हा या सगळ्यांपेक्षा स्वस्त उपाय, आणि नेमका तोच लोक विसरतात.

मग पेट्रोल. टाकी रिकामी ठेवावी की भरलेली, यावर पूर्वी वाद व्हायचे. आता उत्तर जवळजवळ ठरलेलं आहे: भरलेली. टाकीत मोकळी जागा जितकी जास्त तितकी दमट हवा जास्त, आणि गारठ्यात तिचं पाणी होऊन पत्र्याच्या आतल्या बाजूला दव धरतं. अमेरिकेतल्या पेट्रोलमध्ये सहसा दहा टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाण्याचं भुकेलं. पाणी मर्यादेत आहे तोवर ते दोघं गुण्यागोविंदाने नांदतात. पण दहा टक्क्यांच्या मिश्रणात पाण्याचं प्रमाण जेमतेम अर्ध्या टक्क्यापर्यंत गेलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाला जाऊन बसतं. इंजिनाची नळी पेट्रोल उचलते तीही तळातूनच. थंडीत ही मर्यादा आणखी खाली येते. भारतात २०२५पर्यंत वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल सगळीकडे पोहोचलं. ते पाणी जास्त पचवतं हे खरं, पण जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि कार्बोरेटरच्या आतलं रबर इथेनॉलपुढे टिकत नाही, ही तक्रार नोवीइतकीच नाशिकच्या गॅरेजमध्येही ऐकू येते.

टाकी भरताना त्यात पेट्रोल टिकवणारं स्टॅबिलायझर ओततात. लोणच्यावर तेलाचा थर द्यावा तसं हे काम, फक्त इथे ते ढवळावं लागतं. बाटली ओतून गाडी तशीच उभी केली तर कार्बोरेटरमधलं पेट्रोल जुनंच राहतं आणि वसंतात त्याची चिकट राळ होते. म्हणून पंपावरून घरापर्यंतचा मुद्दाम लांबचा रस्ता घ्यायचा. या फेरीचा आणखी एक फायदा असतो: इंजिन पुरतं तापतं, आणि गरम ऑइल काढून टाकायला सोपं जातं.

ऑइल बदलायचं ते झोपवण्याआधी, उठवल्यावर नाही. पुष्कळ लोक याच्या उलट करतात, कारण ‘नाहीतरी पडूनच राहणार, मग नवं ऑइल कशाला वाया घालवा’ असा हिशोब असतो. पण वापरलेल्या ऑइलमध्ये जळणातून आलेली आम्लं आणि पाणी असतं, आणि बेअरिंग पाच महिने त्यातच बुडून राहतात. पाणी कुठून येतं, तर पेट्रोलमधूनच. एक लिटर पेट्रोल जळलं की वाफेच्या रूपात जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन गरम असतं तेव्हा ते धुराबरोबर निघून जातं. इंजिन थंड असेल तर ते सायलेन्सरच्या भिंतींवर आणि ऑइलमध्ये उतरतं.

जानेवारीत दर पंधरा दिवसांनी गाडी दहा मिनिटं सुरू करून बंद करणारे म्हणूनच गाडीचं भलं करत नसतात. दहा मिनिटांत ऑइल तापत नाही, वाफ बाहेर पडत नाही, आणि सेल मारताना बॅटरीतून जे गेलं तेही धड भरून येत नाही. खरं तर अर्धा तास रस्त्यावर पळवायला हवी, पण रस्त्यावर मीठ आहे. तेव्हा हात आवरायचा. नोवीच्या घरात यावरून दरवर्षी एक संवाद होतो.

“जरा सुरू करून बघतो, एकदाच.”

“अरे, मागच्या वर्षी सायलेन्सर गंजला म्हणून हळहळत कोण होतं?”

तो कव्हरचा कोपरा उचलून नुसती गाडी बघतो आणि आत येतो.

बॅटरीचा हिशोब पाटीपेन्सिलीवर होण्यासारखा आहे. आजची गाडी कुलूप लावून उभी असतानाही घड्याळ, अलार्म आणि आतल्या कॉम्प्युटरसाठी थोडी वीज खात राहते. ती ३० मिलिअॅम्पिअर धरली तर दिवसाला पाऊण अँपिअर-अवरच्या आत-बाहेर. साठ अँपिअर-अवरची बॅटरी तीन महिन्यांच्या आत रिकामी. वर थंडीची चाल वेगळीच. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी उणे पन्नासातही गोठत नाही, पण पार उतरलेल्या बॅटरीत आम्ल जवळजवळ पाणीच झालेलं असतं आणि ते शून्याच्या थोडं खालीच गोठून डबी फोडतं. त्यामुळे बॅटरी काढून आत ठेवतात, किंवा तिला हळूहळू चार्ज करत राहणारा लहानसा चार्जर लावून देतात. काढलेली बॅटरी काँक्रीटच्या फरशीवर ठेवू नये, फरशी वीज शोषते, असं आजही मेकॅनिक सांगतात. बॅटरीची पेटी लाकडाची किंवा कडक रबराची होती त्या जमान्यात त्यात काहीतरी तथ्य होतं. प्लॅस्टिकची पेटी आल्यावर ते गेलं. समज मात्र राहिला, आणि बॅटरीखाली लाकडाची फळीही राहिली.

कूलंटच्या बाबतीत गैरसमज दुसऱ्या टोकाचा आहे: जितकं जास्त तितकं चांगलं. निम्मं पाणी आणि निम्मं इथिलीन ग्लायकॉल यांचं मिश्रण उणे ३७पर्यंत गोठत नाही. नुसतं ग्लायकॉल ओतलं तर ते उणे १३च्या सुमारासच गोठतं. दोघं एकमेकांना गोठू देत नाहीत, एकटा कुणीच तेवढा तग धरत नाही. आणि नुसतं पाणी राहिलं तर गोठताना ते नऊ टक्के फुगतं. ओतीव लोखंडाचं इंजिनही त्यापुढे तडकतं. इंजिनाच्या अंगावर जी गोल पत्र्याची बुचं दिसतात त्यांना तिकडे ‘फ्रीझ प्लग’ म्हणतात, आणि पाणी गोठलं की ती निसटून इंजिन वाचवतात असं मानतात. वस्तुतः ती भोकं ओतकामानंतर आतली वाळू काढण्यासाठी ठेवलेली असतात. कधी बूच निसटतं आणि इंजिन वाचतं, ते नशीब. त्यावर भरवसा ठेवू नये.

उरलेली कामं लहान आहेत, पण एखादं राहिलं तर ते एप्रिलमध्ये आठवण करून देतं. हँडब्रेक ओढून ठेवायचा नाही, नाहीतर ब्रेकचे लायनर ड्रमला गंजाने चिकटतात. चाकांना लाकडी ठोकळे लावायचे. टायरमध्ये नेहमीपेक्षा थोडी जास्त हवा भरायची, कारण पाच महिने एकाच जागी भार राहिला की टायरला सपाट डाग पडतो आणि गाडी सुरुवातीचे मैल लंगडत चालते. काही जण गाडी लोखंडी घोड्यांवर चढवतात. चढवायचीच असेल तर घोड्या चाकांजवळच्या आर्मखाली लावाव्यात. चेसिसखाली लावल्या तर चाकं लोंबकळत राहतात आणि बुशांची रबरं ताणून धरली जातात. काँक्रीटमधून ओल वर येते म्हणून गाडीखाली प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा. वर मात्र प्लॅस्टिक चुकूनही नाही, सुती, हवा खेळती ठेवणारं कव्हरच. खाली प्लॅस्टिक आणि वर सूत, यात उलटापालट करणाऱ्याच्या बॉनेटवर वसंतात बुरशीची नक्षी उमटते.

कागदोपत्री झोपही लागते. अमेरिकेत पुष्कळ विमा कंपन्या उभ्या गाडीसाठी अपघाताचं कलम काढून आग, चोरी आणि झाड पडण्याचं तेवढं ठेवतात, हप्ता बराच उतरतो. जर्मन लोकांनी मात्र ही गोष्ट सरळ नंबरप्लेटवर कोरली. १९९७च्या मार्चपासून तिथे मोसमी नंबर मिळतो. पाटीच्या उजव्या टोकाला दोन आकडे एकाखाली एक असतात, समजा ०४ आणि १०. म्हणजे ही गाडी एप्रिल ते ऑक्टोबरचीच. कर आणि विमा तेवढ्याच महिन्यांचा. नोव्हेंबरात ती चालवणं तर सोडाच, सार्वजनिक रस्त्याच्या कडेला उभीही करता येत नाही. नियम काटेकोर आहे, पण ज्याला मोह आवरत नाही त्याच्यासाठी हे बरंच म्हणायचं.

आपल्याकडे असा मोसम पाळतात ते कोकण किनाऱ्यावर. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी. त्याआधी लहान होड्या वर ओढून, ठोकळ्यांवर चढवून, झापांनी शाकारून ठेवतात. इंजिन काढून घरी नेतात. पुढे नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन मोसम उघडतो. मिशिगनमध्ये नारळ नाही. पण मोसम उघडायचा एक अलिखित मुहूर्त तिथेही आहे: बर्फ गेला म्हणून गाडी काढायची नाही, दोन-तीन मोठे पाऊस पडून रस्त्यावरचं मीठ वाहून गेलं की मग.

एप्रिलच्या अशा एका धुतलेल्या सकाळी नोवीतलं कव्हर निघतं. स्टिअरिंगला सुतळीने एक पुठ्ठा बांधलेला असतो, त्यावर मालकाच्याच अक्षरात: सायलेन्सरमध्ये तार. एअर फिल्टर. बॅटरी. हँडब्रेक सैल आहे. पाच महिन्यांत माणूस आपण काय कोंबलं होतं ते हमखास विसरतो, आणि तार न काढता सेल मारण्याचा पराक्रम त्याच्या हातून एकदा झालेला आहे. आता तो टॉर्च घेऊन आधी फिल्टरचा डबा उघडतो. या खेपेला अक्रोड नाही. मग इग्निशनची वायर काढून दोन-तीनदा नुसता सेल मारतो, म्हणजे ठिणगी पडण्याआधी ऑइल वरपर्यंत चढतं. वायर परत लावतो. तिसऱ्या प्रयत्नात इंजिन खोकतं, थांबतं, पुन्हा घेतं आणि चालू राहतं.

सायलेन्सरमधून पाणी ठिबकू लागतं. आधी भराभर, मग थांबून थांबून. दारात फराळाच्या डब्यांऐवजी आता कॉफीचे कप आलेले असतात. तो गाडीला हात लावत नाही, खालच्या काँक्रीटवरचा ओला डाग बघत उभा राहतो. डाग वाढायचा थांबतो, कडांनी सुकू लागतो, तेव्हा तो आत बसून रिव्हर्स टाकतो.